आधी फळा उतरवा: व्यायामशाळांचे चालक आणि प्रशिक्षक यांना खुले पत्र

प्रति,
सर्व व्यायामशाळांचे चालक आणि प्रशिक्षक,

स.न.वि.वि.

मी ज्या व्यायामशाळेची जुनी सभासद आहे, तिथे अलीकडे दोन निर्णय एकाच वेळी जाहीर झाले. नव्या सभासदांकडून प्रवेशाच्या वेळी जुन्या दुखापतींची आणि आजारांची माहिती लिहून घेणारा तक्ता वेळखाऊ ठरवून बंद करण्यात आला. त्याच आठवड्यात दर्शनी भिंतीवर एक मोठा फळा लागला, ज्यावर स्क्वॉट (खांद्यांवर दांडा घेऊन उठबस), बेंच प्रेस (बाकावर उताणे पडून दांडा वर रेटणे) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरचा दांडा उचलून ताठ उभे राहणे) या तीन प्रकारांत महिन्याभरात सर्वाधिक वजन उचलणाऱ्यांची नावे आकड्यांसह झळकणार आहेत. व्यवस्थापनाकडे विचारणा केली, तेव्हा सभासदांचा उत्साह वाढावा एवढेच कारण सांगण्यात आले. त्या व्यायामशाळेचे नाव मी इथे घेत नाही, कारण असे फळे आणि असे गायब झालेले तक्ते इतरत्रही आहेत, आणि माझे म्हणणे या व्यवसायातल्या सर्वांशी आहे.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. विशीत मी वजने उचलायला लागले आणि आता पन्नाशी जवळ आली आहे. या काळात अंगात आलेले बळ खरे आहे. उजव्या खांद्यातली झिजलेली कंडराही, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा पट्टाही, तितकीच खरी आहे. हात बाजूने वर नेताना एका ठरावीक उंचीवर अडतो, त्या कुशीवर झोपता येत नाही, आणि पाठीमागे हात नेऊन करायची सगळी कामे केव्हाच डाव्या हाताकडे गेली आहेत. कोणताही अपघात झाला नव्हता. वजन अंगावर पडले नाही की काही तटकन तुटले नाही. सांगितलेले व्यायाम, सांगितलेल्या क्रमाने आणि सांगितलेल्या वजनाने करत गेल्यावर हे हळूहळू घडले. माझ्या बरोबरीने सुरुवात केलेल्या कितीतरी जणांनी कंबर, कोपर किंवा गुडघा साथ देईना म्हणून जिम सोडली. तुमच्या दप्तरी त्यांची नोंद ‘नूतनीकरण केले नाही’ एवढीच असणार.

वजने उचलणे मुळात घातक आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. उपलब्ध अभ्यासांनुसार शरीरसौष्ठवाच्या सरावात दर १००० तासांमागे ०.२४ ते १ दुखापत होते आणि पॉवरलिफ्टिंगमध्ये, म्हणजे वरच्याच तीन प्रकारांत कमाल वजन उचलण्याच्या खेळात, १ ते ४.४. अंगाला अंग भिडणाऱ्या अनेक मैदानी खेळांच्या तुलनेत हे प्रमाण कमीच आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात तर असे दिसले, की बळ वाढवणाऱ्या व्यायामामुळे खेळांतल्या दुखापती एक तृतीयांशापेक्षाही खाली येतात. मात्र तासांच्या हिशेबात एकेका दुखापतीची मोजदाद होते, वर्षानुवर्षे साचत जाणारे दुखणे त्यात नीट दिसत नाही. स्वीडनमधल्या १०४ पॉवरलिफ्टरांची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ७० टक्के लोकांना त्या घडीला सरावावर परिणाम होईल असे काही ना काही दुखणे होते, आणि मागच्या वर्षभराचा विचार केला तर ८७ टक्के लोकांना. फिनलंडमधल्या माजी अव्वल खेळाडूंच्या १९९५ सालच्या अभ्यासात गुडघ्याच्या झिजेचे प्रमाण नेमबाजांत ३ टक्के, धावपटूंत १४ टक्के आणि वेटलिफ्टरांत ३१ टक्के आढळले. याउलट २०२३ सालच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, आयुष्यात कधी ना कधी बळाचे व्यायाम केलेल्या सर्वसामान्य माणसांत गुडघ्याची झीज आणि दुखणे इतरांपेक्षा कमी दिसले. उच्च स्पर्धेतला खेळाडू आणि सर्वसामान्य व्यायामप्रेमी यांच्यात फरक पडतो तो बहुतांशी भाराचा, तो वाढवण्याच्या वेगाचा आणि शरीराच्या वजनाचा. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी सभासदासाठी प्रत्यक्षात तुम्ही ठरवता, आणि म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहिले आहे, डॉक्टरांना नाही.

पहिली तक्रार वजन वाढवण्याच्या वेगाबद्दल आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते, ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना अधिक नेमकेपणाने कामाला लावू लागल्यामुळे वाढते; स्नायू जाड होतात ते त्यानंतर; आणि स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा सर्वांत मागे राहते, कारण तिला रक्तपुरवठा कमी आणि तिची झीज भरून येण्याची गती फारच मंद. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१३ साली यासंबंधी एक विलक्षण गोष्ट दाखवली. विसाव्या शतकाच्या मध्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणात पसरलेला किरणोत्सारी कार्बन वेगवेगळ्या वयांच्या माणसांच्या टाचेमागील अकिलीस कंडरेत किती आहे, हे त्यांनी मोजले. तिच्या गाभ्यातला धागा साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि त्यानंतर जवळजवळ बदलतच नाही, असा निष्कर्ष त्यातून निघाला. भाराची सवय कंडरेला लावता येते, ती अधिक ताठ आणि चिवट होते. पण त्याला महिने लागतात, आणि आतला मूळ धागा आयुष्यभर तोच राहतो. अशा वेळी ‘बारा आठवड्यांत कायापालट’ या मथळ्याखाली दर आठवड्याला वजन चढवत नेणारा तक्ता सभासदाच्या हाती देणे म्हणजे, जो भाग सर्वांत लवकर तयार होतो त्याच्या गतीने सर्वांत सावकाश तयार होणाऱ्या भागाला फरपटत नेणे आहे.

अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनची २००९ सालची शिफारस अशी, की ठरलेल्या आवर्तनांपेक्षा (वजन एकदा उचलून खाली आणणे म्हणजे एक आवर्तन) एक-दोन आवर्तने सहज जास्त होऊ लागली तरच वजन वाढवावे, आणि तेही २ ते १० टक्क्यांनी. आता आपल्या साहित्याकडे पाहा. अनेक व्यायामशाळांत सर्वांत लहान पाटा अडीच किलोचा असतो. दांड्याच्या दोन्ही टोकांना तो लावला की एका उडीत पाच किलो वाढतात. शंभर किलोचा स्क्वॉट करणाऱ्याला ही वाढ ५ टक्के पडते; फक्त २० किलोच्या रिकाम्या दांड्याने शोल्डर प्रेस (खांद्यांपासून दांडा डोक्यावर रेटणे) करणाऱ्या स्त्रीला, किंवा उतारवयात सुरुवात करणाऱ्या कुणालाही, तीच वाढ २५ टक्के पडते. डंबेल पाच किलोंवरून थेट साडेसात किलोंवर गेले तर ५० टक्के. ज्यांना जपून वाढण्याची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्यासाठीच आपल्याकडे पायरी सर्वांत उंच आहे, आणि वर त्यांनाच ‘तुमची प्रगती अडली आहे’ असे ऐकवले जाते. अर्ध्या किलोचे आणि सव्वा किलोचे पाटे आणणे हा आरसे आणि दिवे यांच्या मानाने अगदी किरकोळ खर्च आहे.

या संदर्भात थोडा इतिहास सांगण्याचा मोह आवरत नाही. वजन टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याची आजची पद्धत शास्त्रीय रूपात मांडली ती थॉमस डेलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने, १९४५ साली, जखमी सैनिकांचे पाय पुन्हा बळकट करताना. आरंभी तो एका व्यायामाचे सात ते दहा सेट, म्हणजे सलग आवर्तनांच्या फेऱ्या, करवून घेत असे. पुढे १९४८ साली त्याने आपल्या सहकाऱ्यासह ती संख्या तीनवर आणली, आणि त्यांतला पहिला सेट दहा आवर्तने जेमतेम होतील अशा वजनाच्या निम्म्याने, दुसरा पाऊणपटीने आणि फक्त तिसरा पूर्ण वजनाने, अशी रचना केली. म्हणजे या पद्धतीच्या जनकानेच अनुभवाअंती भार कमी केला होता. आपल्याकडे मात्र पहिलाच सेट पूर्ण वजनाने सुरू करणारे दिसतात, आणि प्रशिक्षक त्यांच्याकडे कौतुकाने पाहत असतात.

दुसरी तक्रार त्या फळ्याची. एकदाच उचलता येईल असे कमाल वजन, ज्याला आपण सगळे ‘मॅक्स’ म्हणतो, ते स्पर्धकाला मोजावे लागते, कारण त्याचा खेळच तो आहे. आरोग्यासाठी, अंगकाठीसाठी किंवा म्हातारपणी स्वतःच्या पायावर उभे राहता यावे म्हणून येणाऱ्या सभासदाला त्या आकड्याची गरज काय? छातीचा मोठा स्नायू कंडरेपाशी फाटण्याची दुखापत सर्वाधिक होते ती बेंच प्रेसमध्ये, जड दांडा खाली येत असताना. डेडलिफ्टमध्ये एक तळहात आत आणि एक बाहेर अशी पकड घेतली, की बाहेर वळलेल्या हाताच्या बायसेप्सची कोपराजवळची कंडरा तुटण्याचा धोका असतो. श्वास कोंडून अतिजड वजन रेटताना रक्तदाब कुठवर जातो, हेही मोजले गेले आहे: कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९८५ साली शरीरसौष्ठवपटूंवर केलेल्या प्रयोगात दोन्ही पायांनी लेग प्रेस (यंत्रावरचे वजन पायांनी ढकलणे) करताना तो सरासरी ३२०/२५० झाला होता, आणि एकाच्या बाबतीत ४८०/३५०. हे तरुण, सरावलेले लोक होते. ज्याचा रक्तदाब तुम्ही कधी विचारलेलाच नाही, अशा सभासदाला त्या फळ्याखाली उभे करताना हा आकडा आठवावा.

शिवाय स्नायू वाढवण्यासाठी एवढ्या वजनाची गरज नसते. त्याच विद्यापीठात २०१२ साली झालेल्या अभ्यासात कमाल वजनाच्या ३० टक्क्यांनी थकेपर्यंत व्यायाम करणाऱ्यांच्या मांडीचे स्नायू ८० टक्क्यांनी करणाऱ्यांइतकेच वाढले. निव्वळ ताकद वाढवायची तर जड वजनच अधिक उपयोगी पडते, हे मी नाकारत नाही. पण वर्षातले सगळेच आठवडे जड असावेत, असे त्यातून निघत नाही. ज्यांना प्रगती आकड्यातच पाहायची आहे, त्यांनी पाच-सहा आवर्तने व्यवस्थित होतील अशा वजनाची नोंद ठेवावी. त्यावरून कमाल वजनाचा पुरेसा चांगला अंदाज बांधता येतो.

तिसरी तक्रार, सगळ्यांना एकाच साच्यात बसवण्याची. मांडीच्या हाडाची लांबी आणि खुब्याच्या खोबणीची खोली व दिशा माणसागणिक वेगळी असते, त्यामुळे एकाला सहज जमणारा खोल स्क्वॉट दुसऱ्याला कंबर गोल केल्याशिवाय जमतच नाही, आणि भाराखाली कंबर वारंवार गोल होत राहिली की मणक्यांमधल्या चकत्यांवर ताण येत राहतो. गुडघा पायाच्या बोटांपुढे जाता कामा नये, हा नियम आपण सर्वांना पाठ म्हणून शिकवतो. २००३ सालच्या एका अभ्यासात गुडघे मुद्दाम फळी लावून अडवले, तेव्हा गुडघ्यावरचा ताण काहीसा कमी झाला, पण खुब्यावरचा कितीतरी पटींनी वाढला आणि धड पुढे झुकले. ताण नाहीसा होत नाही, दुसरीकडे सरकतो. कोणाच्या कोणत्या सांध्याला तो सोसेल, हे ठरवण्यासाठी माणूस पाहावा लागतो.

माझ्या खांद्याची कथा याच खात्यात येते. मानेमागून दांडा खाली आणणारा प्रेस आणि कोपरे खांद्यांच्या वर खेचणारा अपराईट रो हे दोन्ही प्रकार खांद्याला अशा टोकाच्या कोनात नेतात, जिथे खांद्याचा सांधा धरून ठेवणाऱ्या रोटेटर कफच्या चार स्नायूंपैकी सर्वांत वरच्याची कंडरा हाडाच्या छताखाली दाबली जाऊ शकते. काहींना ते आयुष्यभर सोसते, काहींना सोसत नाही. मला दुखू लागल्यावर मी पर्याय विचारला, तेव्हा ‘हे केल्याशिवाय खांदा भरणार नाही’ असे उत्तर मिळाले. बेंच प्रेसचेही तसेच. वर्षानुवर्षे दांडा छातीला टेकवत राहिल्याने कॉलरबोनचे खांद्याकडचे टोक विरघळू लागण्याचा विकार डॉक्टरांना इतका परिचित आहे, की त्याला वेटलिफ्टरचा खांदा म्हणूनच ओळखतात. हातांमधले अंतर कमी करणे, दांडा छातीच्या थोडा वर थांबवणे, काही महिने वजन उतरवणे, इतक्या साध्या बदलांनी अनेकदा काम भागते. पण ‘अर्धवट’ आवर्तनाची टिंगल होते त्या हॉलमध्ये हा सल्ला देणार कोण? ऑलिम्पिक वेटलिफ्टिंगनेसुद्धा १९७२ सालच्या म्युनिक स्पर्धेनंतर डोक्यावर वजन रेटण्याचा प्रेस हा प्रकार कायमचा वगळला. पंचांना न्याय देणे अवघड झाले होते आणि स्पर्धक कंबरेतून इतके मागे झुकू लागले होते, की पाठीच्या कण्याची काळजी वाटावी. ज्या खेळाचे सारे अस्तित्वच वजनावर उभे आहे, त्याला एक प्रकार सोडता आला. आपल्याला तक्त्यातली एक ओळ सोडता येत नाही.

चौथी तक्रार दुखण्याविषयीच्या अज्ञानाची. नव्या व्यायामानंतर एक ते तीन दिवस स्नायू आंबल्यासारखे दुखतात आणि ते आपोआप ओसरते. त्याची चिंता नको. कंडरेचे दुखणे वेगळे असते. ते एका बोटाने दाखवता येईल अशा जागी असते, बहुधा एकाच बाजूला, पहिल्या सेटला जाणवते, अंग तापल्यावर पळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाढून परत येते. मधल्या त्या पळण्यामुळेच माणूस फसतो आणि प्रशिक्षक म्हणतो, ‘बघा, गेलं की नाही?’ अशा वेळी भार ताबडतोब खाली आणून, न दुखेल किंवा जेमतेम जाणवेल एवढ्या वजनाने, संथ गतीने काम चालू ठेवायचे असते. संपूर्ण विश्रांतीने दुखणे थांबते, पण कंडरा आणखी दुबळी होते, आणि जुन्या वजनावर परतताच सगळे पुन्हा सुरू होते. स्वीडनमध्ये १९९८ साली अकिलीस कंडरेच्या जुनाट दुखण्याने बेजार झालेल्या १५ हौशी धावपटूंकडून बारा आठवडे भारासह टाचा सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम करून घेतला, आणि ते सगळे पुन्हा धावू लागले. बिघडवणारी आणि दुरुस्त करणारी गोष्ट एकच आहे. फरक मात्रेचा आहे.

याच्या उलट टोकाची चूकही तुमच्याच हॉलमध्ये होते. एमआरआयच्या अहवालात चकती झिजल्याचे दिसले, की ‘आता वजनाला हात लावायचा नाही’ असे सांगून सभासदाला घाबरवले जाते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार पाठ अजिबात न दुखणाऱ्या माणसांतही विशीत ३७ टक्के आणि ऐंशीव्या वर्षी ९६ टक्के जणांच्या चकत्यांत झिजेच्या खुणा दिसतात. अहवाल वाचणे हे प्रशिक्षकाचे काम नाही, आणि ‘एक इंजेक्शन घ्या, मोकळे व्हाल’ हा सल्ला तर नाहीच नाही. टेनिस एल्बोच्या, म्हणजे कोपराच्या कंडरेच्या दुखण्याच्या, रुग्णांवर झालेल्या २०१३ सालच्या चाचणीत कॉर्टिसोनचे इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ५४ टक्के जणांचे दुखणे वर्षभरात उलटले. खोटे इंजेक्शन मिळालेल्यांत ते प्रमाण १२ टक्के होते.

पाचवी तक्रार थोडक्यात, कारण ती सर्वांना ठाऊक आहे आणि कोणीच बोलत नाही. स्नायू झटपट वाढवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या स्टेरॉइडमुळे स्नायूची ताकद कंडरेला झेपेनाशी होते. दीर्घकाळ ती घेणाऱ्या अनुभवी व्यायामपटूंपैकी २२ टक्के जणांची कंडरा कधी ना कधी तुटली होती, न घेणाऱ्यांपैकी ६ टक्के जणांची, असे २०१५ सालचा अमेरिकी अभ्यास सांगतो. तुमच्या हॉलमध्ये ती कोण सुचवतो, हे तुम्हाला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

आता मागण्या.

प्रवेशाच्या वेळचा माहितीचा तक्ता पुन्हा सुरू करावा आणि दर सहा महिन्यांनी तो ताजा करावा. त्यात जुन्या दुखापती, रक्तदाब, मधुमेह आणि चालू औषधे विचारावीत. औषधांचा प्रश्न उगाच घातलेला नाही: सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या प्रतिजैविकांमुळे कंडरा तुटू शकते, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ सालीच वेष्टनावर छापायला लावला आहे. असा कोर्स चालू असताना कोणाकडूनही जड डेडलिफ्ट करवून घेऊ नये.

कमाल वजनाचा फळा काढावा. स्पर्धेची तयारी करणाऱ्यांसाठी वेगळी वेळ आणि वेगळा प्रशिक्षक ठेवावा. त्यांच्याविषयी मला आदरच आहे.

अर्ध्या आणि सव्वा किलोचे पाटे आणि मधल्या वजनांची डंबेल उपलब्ध करावीत. व्यायामाच्या तक्त्यात वजन वाढवण्याची अट आठवड्याच्या क्रमांकावर न ठेवता आवर्तने नीट पूर्ण होण्यावर ठेवावी, बहुतेक सेट एक-दोन आवर्तने हातची राखून थांबवायला शिकवावे, आणि काही आठवड्यांच्या कष्टानंतर एक हलका आठवडा तक्त्यातच लिहून द्यावा, म्हणजे तो घेणाऱ्याला आळशी म्हटले जाणार नाही.

प्रत्येक व्यायामाला किमान एक पर्याय तक्त्यात छापलेला असावा, आणि दुखते म्हणून तो निवडणाऱ्याकडून कारण मागू नये. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेले, रात्री जागवणारे किंवा हाता-पायात मुंग्या आणणारे दुखणे असेल, तर सभासदाला फिजिओथेरपिस्टकडे किंवा डॉक्टरांकडे पाठवण्याचा लेखी नियम करावा, आणि प्रशिक्षकांनी स्वतः उपचार सुचवणे थांबवावे. स्टेरॉइड सुचवणाऱ्या किंवा विकणाऱ्या प्रशिक्षकाला कामावरून काढले जाईल, असे लिहून दर्शनी भागात लावावे. भिंत आता मोकळी होणारच आहे.

शेवटची मागणी नोंदींची. प्रशिक्षक बदलतात आणि प्रत्येक नवा प्रशिक्षक शून्यापासून सुरू करतो. सभासदाला काय दुखले, काय बदलले आणि त्याचा काय परिणाम झाला, याची नोंद व्यायामशाळेकडे राहावी आणि सभासद मागेल तेव्हा तिची प्रत त्याला मिळावी. तुमच्याकडे प्रत्येकाच्या शुल्काचा बारीकसारीक हिशेब असतोच. त्याच वहीत आणखी एक रकाना वाढेल.

या मागण्यांपैकी कोणत्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि नसल्यास का, याचे लेखी उत्तर प्रत्येक व्यायामशाळेने आपल्या सभासदांना द्यावे. मी सभासदत्व सोडणार नाही. माझ्या व्यायामशाळेच्या व्यवस्थापनाला या पत्राची प्रत दिली आहे आणि नव्या सभासदांनी विचारले, तर त्यांनाही देत राहीन.

आपली,
एक जुनी सभासद